शिकारी पिल्लू दमत का नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आजी. सोलापूर जिल्ह्यातल्या नातेवाइकांकडून दीड महिन्याचं असताना आणलेलं कारवानी जातीचं नर पिल्लू, बाजी, आता साडेपाच महिन्यांचं झालंय. रोज सकाळी मैदानावर तासभर बॉल, संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांबरोबर दीड तास. तरी रात्री आठ ते दहा बाजीच्या अंगात येतं. सोफ्यावरून उड्या, पॅंटचे पाय ओढणं, पोछ्यावर हल्ला, भिंतीवर मोबाइलचा कवडसा पडला की त्याच्यामागे धाव. परवा मुलाच्या हाताला दात लागून रक्त आलं. रस्त्यावर मांजर, कबुतर, स्कूटर दिसली की झेप घेतो आणि नाकासमोर चिकन धरलं तरी बघत नाही. एक ट्रेनर म्हणतो, "मालक कोण ते दाखवा." शेजारी म्हणतात, "ट्रेडमिल घ्या." गावाकडचे दीर म्हणतात, "शिकारी रक्त आहे, इकडे पाठवा, चार वेळा सशामागे सोडला की शांत होईल." तो मुळातच तापट आहे की आमचंच काही चुकतंय, हे ओळखायचं कसं? आणि त्याला गावी परत पाठवावं का?

पहिल्यांदा मुलाच्या हाताचं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. अजून दाखवली नसेल तर आज जा. पिल्लू घरातलं आहे, लस दिलेली आहे, म्हणून हे टाळू नका. बाजीची रेबीजची लस तीन महिन्यांनंतर झाली का आणि पुढचा डोस कधी आहे, तेही त्याच्या पुस्तिकेत बघून ठेवा.

आता मूळ प्रश्न. तुमचे ट्रेनर, शेजारी आणि दीर वेगवेगळं बोलताहेत असं वाटतं, पण तिघांच्याही मनात एकच चित्र आहे: बाजीत जास्तीची ताकद साठलीय, ती दाबा नाहीतर बाहेर काढा. तुम्हीही तेच धरून चाललाय. पण पत्रात तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात. तो साडेतीन महिन्यांचा असताना अर्धा तास फिरायचा आणि रात्रीचा गोंधळ पंधरा मिनिटांत आटपायचा. म्हणजे व्यायाम पाचपट झाला आणि गोंधळ आठपट. थोडा वाटा वाढत्या वयाचा आणि दात येण्याचा धरला, तरी ताकद साठल्याने हे होत असतं तर हिशेब एवढा उलटा आला नसता.

लग्नाच्या रिसेप्शनला रात्री दहा वाजता खुर्च्यांमधून पळणारं, येणाऱ्या-जाणाऱ्याला धडकणारं आणि हात धरला की भोकाड पसरणारं तीन वर्षांचं पोर आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याला कुणी "अजून पळव" म्हणत नाही. झोप आलीय हे आजीला लांबून कळतं. तुमच्या वर्णनावरून बाजीचं तेच झालंय असं मला वाटतं, आणि याला शहरातले कुत्रेवाले ओव्हरस्टिम्युलेशन म्हणतात. डोळे, कान, नाक यांतून जे येतंय ते मेंदूला आवरता येत नाही इतकं झालं की पिल्लू थांबू शकत नाही. थांबायचं नाही असं त्याने ठरवलेलं नसतं.

शिकारी जातींत हे लवकर घडतं, त्याला कारण आहे. शिकारीचं काम टप्प्यांचं असतं: दिसणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, आणि मग फाडणं-खाणं. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करताना प्रत्येक जातीत यातला एखादा तुकडा मोठा केला. पॉइंटर नजर रोखून गोठतो. बीगल नाक जमिनीला लावून माग काढतो. लॅब्रेडॉर पडलेलं उचलून आणतो. कारवानी, पश्मी, मुधोळ हे नजरेने शिकार करणारे. त्यांच्यात पाठलाग हाच मोठा तुकडा आहे. आणि पाठलाग हे त्यांचं बक्षीसही आहे. हाती काही लागो न लागो, धावण्यातच त्यांना मजा येते. एका तासात चाळीस वेळा बॉल फेकला म्हणजे बाजीने चाळीस पाठलाग केले, चाळीस वेळा जोरात वळला, आणि एकदाही शिकार संपली नाही. त्याचे पाय दमले असतील, पण डोकं आणखी तयारीत राहिलं. वर अडीच तास असं धावून तब्येत कमावली जाते, ती वेगळीच. आज ज्याला दमायला अडीच तास लागतात, त्याला दोन महिन्यांनी चार लागतील. ट्रेडमिलचं म्हणणं म्हणूनच सोडून द्या. शिवाय या लांब पायांच्या जातींची हाडं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत वाढत असतात. रोजच्या उड्या आणि कचकन मारलेले ब्रेक त्यांना परवडत नाहीत.

तुम्ही विचारलंय, ओळखायचं कसं. तुम्ही जे लिहिलंत, म्हणजे उड्या, चावे, पॅंट ओढणं, ती शेवटची पायरी आहे. त्याच्या खूप आधी बाजी सांगत असतो, पण नजरेने शिकार करणारा कुत्रा ते आवाज न करता सांगतो, म्हणून नजरेतून सुटतं. रस्त्यावर चालताना त्याच्या तोंडाकडे बघा. मोकळा असताना तोंड किंचित उघडं असतं, जीभ सैल, कान मागे पडलेले. लांबवर काहीतरी दिसलं की तोंड पटकन मिटतं. एवढंच. श्वास क्षणभर थांबतो, कान उभे होऊन कपाळावर सुरकुती येते, वजन पुढच्या पायांवर जातं, शेपटी पाठीच्या रेषेत ताठ होते. या क्षणी हाक मारली तर तो कान तरी वळवतो, म्हणजे अजून तुमच्या हातात आहे. यानंतरचे दोन-तीन सेकंद गेले की हाक पोचत नाही. मग मानेवरचे केस उभे राहतात, बुबुळं मोठी होऊन डोळे काळेभोर दिसतात, आणि झेप.

घरातली चिन्हं वेगळी. जिभेचं टोक चमच्यासारखं रुंद होऊन बाहेर येतं, ओठांचे कोपरे मागे खेचले जातात आणि उकडत नसतानाही धाप लागते. फोटोत हे हसू वाटतं, आणि इन्स्टाग्रामवर अशा फोटोंना भरपूर लाइक मिळतात. खोलीत येरझाऱ्या, एक खेळणं उचलून लगेच दुसरं, आडवं पडून दहा सेकंदांत पुन्हा उठणं. हातातून खाऊ घेताना ओठांऐवजी दात लागणं. मध्येच अंग खाजवणं, जांभई, कोरडं असताना अंग झटकणं. पायावर चढणं, ज्याला बरेच जण वयात आल्याचं लक्षण समजतात. बीगल किंवा लॅब्रेडॉर असलेल्या वाचकांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. बीगल भारावला की नाक वर येतच नाही, शेपटी भराभरा हलते आणि कान असून नसल्यासारखे होतात. मग तो लांबलचक हेल काढतो. लॅब्रेडॉर कुंई-कुंई करत सगळं अंग वळवळवतो आणि दिसेल ते तोंडात धरतो, तुमचं मनगटसुद्धा. घरच्यांना तो प्रेमाचा उमाळा वाटतो.

झूमीज म्हणजे ते पार्श्वभाग खाली घालून सुसाट गोल पळणं. एवढ्याने घाबरू नका. अंघोळीनंतर, शी झाल्यावर दोन मिनिटं पळून पिल्लू स्वतःहून थांबलं, पाणी प्यायलं, आडवं झालं, तर ते निव्वळ पिल्लूपण आहे. मला कळीची वाटते ती उतरण्याची वेळ. उत्साह चढणारच, चढायलाही हवा. किती वेळात उतरतो ते घड्याळ लावून मोजा. दाराची बेल वाजली, पाहुणा आत आला, बसला. तीन-चार मिनिटांत बाजी खाली बसू शकला तर ठीक. वीस मिनिटांनीही येरझाऱ्या चालू असतील तर डोकं आधीच भरलेलं आहे. दिवसभरातल्या गोष्टी एकावर एक साचतात: सकाळचा बॉल, लिफ्टमधला अनोळखी कुत्रा, दुपारचं ड्रिल मशीन, संध्याकाळची दहा मुलं. रात्री आठला पोछा दिसला आणि भडका उडाला, की आपण पोछ्याला दोष देतो.

आता "तापट आहे की" याचं उत्तर कसं काढायचं? व्यायाम कमी पडलेला कुत्रा फिरून आला की पाऊण तासाच्या आत झोपतो आणि उठल्यावर ताजातवाना असतो. बाजीसारखा फिरून आल्यावर जास्त बिथरतो. घाबरलेल्या कुत्र्याचं वजन मागच्या पायांवर असतं, शेपटी आत, आणि त्याला वाट मिळाली की तो लांब जातो. चौथी शक्यता आजाराची: दात येतानाची ठणक (चार ते सहा महिन्यांत पक्के दात येतात, बाजी त्यातच आहे), जंत, गोचीड, कानातली खाज, पायाचं दुखणं. या शक्यता एकमेकींत मिसळतातही. म्हणून प्रयोग करण्याआधी एकदा व्हेटकडे तपासणी करा. आणि हो, कुठल्याही कुत्र्याचं वागणं एक-दोन दिवसांत एकदम पालटलं, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तर सल्ला सदराला लिहीत बसू नये. मुलांना लांब ठेवून थेट डॉक्टर गाठावा.

तपासणीत काही निघालं नाही तर एक आठवडा तुम्ही आजवर केलं त्याच्या बरोबर उलटं करा. बॉल कपाटात. मुलांचा घोळका बंद. घरातल्यांना हे सांगणं सगळ्यात कठीण जाईल, कारण कुत्र्याला कमी पळवणं म्हणजे त्याचे हाल असं सगळ्यांना वाटतं.

आधी तीन दिवस त्याची झोप लिहून काढा, खरी झोप, डोळे मिटलेली. या वयाच्या पिल्लाला दिवसाला साधारण सोळा ते अठरा तास लागतात. तुमच्या घरातली वर्दळ बघता बाजीला अकरा-बारा तासच मिळत असतील असा माझा अंदाज आहे, कारण तो हॉलमध्ये झोपतो आणि कुणी उठलं की उठतो. त्याची जागा आजींच्या खोलीच्या कोपऱ्यात किंवा मागच्या बेडरूममध्ये करा. पडदा ओढलेला, पंखा चालू (पंख्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात), जाड गोधडी. या जातींच्या अंगावर चरबी नसते, टणक फरशीवर त्यांना झोप लागत नाही. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा.

दिवस असा बसवून बघा. सहाला खाली नेऊन शी-शू, मग पंचवीस मिनिटं शांत गल्लीत हुंगत-हुंगत फेरी. अंतर कितीही कमी होऊ दे, एका झाडापाशी तीन मिनिटं थांबला तर थांबू द्या. "वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं" असा व्यायामाचा अंदाज सांगतात. तो कुणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेला नाही, पण हात आखडता ठेवायला बरा आहे. आल्यावर निम्मं खाणं वाटीत न देता टर्किश टॉवेलच्या घडीत गुंडाळून द्या, म्हणजे नाकाने शोधून खाईल. साडेसात ते साडेदहा झोप. मग शू आणि पाच-सात मिनिटांचा अभ्यास: बस, हाताला नाक लाव, गोधडीवर जा. पुन्हा झोप, दोनपर्यंत. दुपारी चावायला काहीतरी. कच्चं गाजर चालेल, ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये घट्ट केलेला गोळाही चालेल, दात शिवशिवतात त्याला आराम पडतो. मात्र फडक्याचे धागे सुटू लागले की फेकून द्या. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दुसरी फेरी, तीही पंचवीस मिनिटांचीच, आणि सोसायटीतली मुलं खेळायला उतरण्याआधी किंवा घरी गेल्यावर. सातला जेवण. आणि साडेसातला, म्हणजे गोंधळाच्या अर्धा तास आधी, खोली अंधारी करून त्याला झोपायला पाठवायचं. गोंधळ सुरू झाल्यावर खोलीत टाकणं ही त्याला शिक्षा वाटते. तो सुरू होण्याआधी झोपवलं तर बरेचदा तो सुरूच होत नाही.

पहिले दोन दिवस तो कुरकुरेल, दारापाशी ओरडेलही. कुणीतरी आत वाचत बसा, बोलू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही पिल्लं इतकी झोपतात की घरच्यांना आजारी पडलं की काय वाटतं. उठल्यावर नीट खात असेल, पळत असेल तर ती साठलेली झोप आहे. आठवड्याअखेर रात्रीचा गोंधळ निम्म्यावर आला, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: बाजी तापट नव्हता. काहीच फरक नसेल तर व्हेटकडे पुन्हा जायचं, दुखण्याच्या दृष्टीने.

तरीही एखाद्या रात्री भडका उडालाच, तर सगळ्यांनी हलणं थांबवायचं. पळणारा पाय त्याच्यासाठी ससा असतो. मुलाने "झाड" व्हायचं: हात छातीशी, नजर वर, गप्प. "नो! बाजी! नो!" हा आरडाओरडा त्याला साथ दिल्यासारखा वाटतो. टीव्ही बंद, मोठा दिवा बंद. कॉलर धरायला हात पुढे करू नका, अशा वेळी चावा बसू शकतो. त्याऐवजी घरात असताना हार्नेसला दीड मीटरची हलकी दोरी असू द्या, टोकाला फास नसलेली, म्हणजे ती फर्निचरमध्ये अडकत नाही. दोरीचं टोक उचलून, न ओढता, खोलीकडे चालू लागायचं. वाटेत गोधडीवर त्याच्या कोरड्या खाण्याचे दहा-पंधरा दाणे विखरायचे. हुंगण्याने आणि चाटण्याने पिल्लू खाली उतरतं. ताटलीला साधं दही पातळ लेपून दिलं तरी काम होतं. बेदाणे, कांदा, चॉकलेट, शुगर-फ्री काही नको, ही विषं आहेत. दाणेसुद्धा खात नसेल तर फाटक लावून बाहेर या आणि दहा मिनिटं शांत राहा.

कवडशाचं मात्र आजपासून पूर्ण बंद. मोबाइल, घड्याळाची काच, स्टीलचं ताट, आणि लेझरचं खेळणं तर घरात आणूच नका. हाती न लागणाऱ्या उजेडामागे धावायची सवय नजरेने शिकार करणाऱ्या जातींत वेडासारखी जडू शकते. पुढे कवडसा नसतानाही पिल्लू भिंतीकडे बघत बसतं. तसं दिसलं तर तो व्हेटचा विषय झाला.

रस्त्यावर तो चिकन खात नाही, हे तुम्ही हट्टीपणाचं लक्षण म्हणून लिहिलंय. माझ्या मते ते तुमच्या हातात असलेलं सगळ्यात चांगलं मोजमाप आहे. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या आणि तो कसा घेतो ते बघा. ओठांनी हळू घेतला तर अंतर बरोबर. दातांनी हिसकावला तर सीमेवर. घेतलाच नाही, किंवा तोंडात घेऊन खाली पाडला, तर तुम्ही खूप जवळ आलात. मुकाट्याने वळून दहा पावलं मागे जायचं. मांजर बसलेली असताना तीस मीटरवरून सुरुवात करा. त्याने बघितलं की त्याच क्षणी "हां" म्हणा आणि तुकडा तुमच्या गुडघ्यापाशी धरा, म्हणजे खायला मान वळवावीच लागेल. बघितलं, "हां", वळला, खाल्लं. पाच मिनिटं, मग घरी. दहापैकी आठ वेळा तो स्वतःहून वळू लागला की दोन-तीन मीटर पुढे. "बघूच नको" म्हणून तोंड फिरवत राहिलात तर काही साधत नाही. बघण्यासाठीच घडवलेला कुत्रा आहे तो, बघून परत यायला शिकवायचं. स्कूटरचंही असंच, पण आधी उभी, मग हळू चाललेली, मग वेगातली.

पट्ट्याबद्दल एक सांगायलाच हवं. कारवानीचं डोकं मानेपेक्षा रुंद नसतं, साधी कॉलर मागे सरकून निघून येते आणि कुत्रा थेट रस्त्यावर. छातीला पॅड असलेला हार्नेस वापरा, सोबत मार्टिंगेल कॉलर, म्हणजे ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा. लांब दोरी बांधायची ती हार्नेसलाच. हा वेग घेऊन दोरीच्या टोकाला पोचला तर मानेला जबर हिसका बसतो. टेकडीवर मोकळा सोडू नका. पुण्याच्या टेकड्यांवर मोर आहेत, आणि कुत्र्याने मोर धरला तर ते प्रकरण वनविभागाकडे जातं.

मग पाठलागाची भूक कायमची मारायची का? अजिबात नाही. शांत आठवडा पार पडला की काठीला दोन मीटर दोरी आणि टोकाला फडकं बांधून मऊ मातीवर खेळवा. फडकं जमिनीवरूनच फिरवायचं, हवेत उडवायचं नाही. वीस सेकंद पाठलाग, मग पकडू द्यायचं. पकडू देणं महत्त्वाचं, तिथे शिकार संपते. खाऊच्या बदल्यात फडकं सोडवायचं, मिनिटभर उभं राहायचं, तो बसला की पुन्हा. एका वेळी असे तीन पाठलाग, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळेनंतर दहा मिनिटं गवतात दाणे शोधणं. पूर्ण वेगाने धावायला तो सव्वा वर्षाचा होऊ दे.

उन्हाचंही लक्षात असू द्या, कारण भारावलेला कुत्रा थांबत नाही आणि आपण उत्साह समजून खेळवत राहतो. कुत्र्याचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर जीवावर बेततं. सावलीत दहा मिनिटं बसूनही धाप ओसरत नसेल, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, चाल लडखडली, तर अंगावर गार पाणी ओतत, पंखा लावून व्हेटकडे. लॅब्रेडॉरवाल्यांनो, जोरात खेळताना पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लुळे पडून कुत्रा खाली बसत असेल तर त्याला एक आनुवंशिक दोष कारणीभूत असू शकतो. तो जनुकाच्या चाचणीत कळतो. "दमला असेल" म्हणून सोडून देऊ नका.

ट्रेनरच्या "मालक कोण ते दाखवा" याचा अर्थ पाठीवर पाडून धरणं, मानेला हिसका देणं असा असेल, तर त्यांना नम्रपणे नमस्कार करा. भारावलेल्या पिल्लाला दाबून धरलं की ते दोनपैकी एक करतं: गोठतं, आणि आपल्याला वाटतं शिकलं, किंवा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. दुसऱ्याचा धोका मुलाला. नवा ट्रेनर निवडताना त्याला विचारा, "कुत्रा खाऊ घेत नसेल तेव्हा तुम्ही काय करता?" "अंतर वाढवतो" असं उत्तर आलं तर पुढे बोला.

दिरांशी मात्र तुम्हाला नीट बोलावं लागेल. त्यांचं कुत्र्यांवर प्रेम आहे, आणि माळरानावर या जातीचं जे रूप दिसतं ते फ्लॅटमध्ये दिसत नाही, हे त्यांचं खरंच आहे. पण सशामागे कुत्रा सोडणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार आहे, गुन्हा आहे. ससा हाती लागला नाही तरी. आणि त्याने बाजी शांत होईल हे गणितही चुकतं. पाठलागच त्याचं बक्षीस असल्याने चार ससे दाखवल्यावर पाचव्यासाठी तो दिवसभर क्षितिजाकडे बघत बसेल. जे लोक कुत्र्यांना खरोखर शिकारीच्या कामाला लावतात, ते काय बघतात? ब्रिटनमधल्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, रिट्रीव्हरने (पडलेली शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्याने) आपली पाळी येईपर्यंत गोळीबार आणि पडणारे पक्षी बघत गप्प बसायचं असतं. कुंई-कुंई केली किंवा हुकमाआधी धावला की स्पर्धेतून बाद. तिथे आधी स्थिरता शिकवतात. "छू" म्हटलं की सुटणं कुठल्याही कारवानीला शिकवावं लागत नाही.

परत पाठवावं का, यावर माझं मत हो किंवा नाही असं सरळ नाही. गावाला जाऊन तो दिवसभर साखळीला राहणार आणि संध्याकाळी सुटणार असेल, तर ते आजच्यापेक्षा वाईट. साखळीला बांधलेल्या कुत्र्याची नजर तर मोकळीच असते, दिसतं सगळं, करता काही येत नाही. कुंपण असलेलं रान, दिवसा घरात माणूस, आणि ससा-हरणाचा नाद नसलेलं कुणी असेल तर तो पर्याय मानाचा आहे, त्यात हार नाही. पण निर्णय आज घेऊ नका. दीड महिन्याचं असताना आईपासून तोडलेलं पिल्लू आहे. भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकायचे दिवस त्याचे थोडे हुकले. आठ आठवड्यांआधी पिल्लू आणू नये, हे पुढच्या वेळी नातेवाइकांना सांगा. बाजीला ते आता शिकवता येतं, वेळ लागतो. तोवर मुलगा आणि बाजी मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नकोत, आणि संध्याकाळी सहानंतर दोघांचा पळापळीचा खेळ नको. मुलाला वेगळं काम द्या: टॉवेलमध्ये दाणे गुंडाळायचे, आणि वहीत वेळा लिहायच्या. नऊ वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान तो वयात येईल आणि जमलेलं बरंच विसरल्यासारखं करेल. तेव्हा मांजरीचं अंतर पुन्हा तीस मीटरवर न्या. गणपतीच्या आधी काही आठवडे ढोल पथकांचा सराव सुरू होतो. तुमच्या भागात तो कुठे चालतो हे आधीच बघून संध्याकाळची फेरी दुसऱ्या बाजूला वळवा, आणि मिरवणुकीच्या दिवसांत फेरी निम्मी करून झोपेची खोली आतल्या बाजूला घ्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. पत्रात तीन आकडे असू द्या: रोजची झोप किती तास, बेल वाजल्यावर किती मिनिटांत खाली बसला, आणि मांजर किती मीटरवर असताना खाऊ ओठांनी घेतला. शक्य असेल तर रात्री आठचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, फ्लॅश न लावता. व्हेटला तो तुमच्या-माझ्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल, कारण दवाखान्याच्या टेबलावर बाजी असा वागणारच नाही.